जुन्या ट्रकचे इंजिन काय सांगते?

हमरस्त्याच्या कडेला एखादा मालट्रक थांबलेला आहे, इंजिन चालू आहे, आणि मिस्त्री लांब पेचकसाचे टोक इंजिनाला टेकवून त्याची मूठ कानाशी धरून उभा आहे, हे दृश्य तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. थोडा वेळ ऐकून मिस्त्री कधी म्हणतो, "काही नाही, टॅपेट ढिले झालेत." तर कधी तो झटकन म्हणतो, "आधी इंजिन बंद करा!" बघणाऱ्याला दोन्ही वेळा आवाज सारखाच वाटतो. मिस्त्रीला मात्र त्यांतला फरक कळतो.

हा फरक लहान नाही. एखाद्या गृहस्थाने कर्ज काढून जुना ट्रक घेतला आहे आणि चार दिवसांनी इंजिनातून अनोळखी ठकठक ऐकू येऊ लागली आहे, असे समजा. ती ठकठक झडपेच्या फटीची असेल तर तासाभराचे काम. ती बेअरिंगची असेल आणि ट्रक तसाच पुढे चालवला, तर इंजिनाचा कणा म्हणावा असा क्रँकशाफ्ट खराब होतो. क्वचित रॉड तुटून इंजिनाची भिंत फोडून बाहेर येतो. मग दुरुस्ती कसली, नवे इंजिनच बघावे लागते.

मिस्त्रीला हा फरक अनुभवाने कळतो हे खरेच. परंतु अनुभवाने जे कळते त्याच्या मुळाशी बहुधा एखादा नियम असतो. इंजिनाच्या आवाजाच्या बाबतीत हे नियम शाळेच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात असतात तेच आहेत. आवाजाला आपण पाच प्रश्न विचारू आणि प्रत्येक प्रश्नामागचे विज्ञान काय ते पाहू.

निरोगी इंजिनाचा आवाज

रोग ओळखायचा तर आधी आरोग्य ठाऊक हवे. विहिरीवर चालणारे एका सिलिंडरचे डिझेल इंजिन तुम्ही ऐकले असेल. त्याचे ठोके सुटे सुटे ऐकू येतात. हे इंजिन चार टप्प्यांचे असते. पहिल्या टप्प्यात पिस्टन खाली येतो व हवा आत घेतली जाते. दुसऱ्यात तो वर जाऊन हवा दाबतो. तिसऱ्यात डिझेल जळून तयार झालेले वायू त्याला खाली ढकलतात. चौथ्यात जळालेले वायू बाहेर फेकले जातात. पिस्टनच्या या चार हालचालींत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांमागे ज्वलन एकदाच. इंजिन मिनिटाला ६०० फेरे घेत असेल तर सेकंदाला १० फेरे आणि ५ ठोके.

ट्रकच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात असे सहा पिस्टन असतात व ते एकामागून एक, सारख्या अंतराने जोर लावतात. पुष्कळ इंजिनांत हा क्रम १-५-३-६-२-४ असा असतो. त्याच ६०० फेऱ्यांना आता सेकंदाला ५ × ६ म्हणजे ३० ठोके पडतात. आपला कान सेकंदाला साधारण पंधरावीसपर्यंतचे ठोके सुटे ओळखू शकतो, त्यापुढे ते एकमेकांत मिसळून अखंड स्वर वाटू लागतात. म्हणून विहिरीवरचे इंजिन 'डुग्-डुग्' करते आणि ट्रक 'घुर्र' करतो. ज्वलनाची रीत दोहोंत एकच आहे, फरक फक्त ठोक्यांच्या संख्येचा.

डिझेल इंजिन पेट्रोल इंजिनापेक्षा कर्कश का, हेही येथेच पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९२ साली या इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे यशस्वी इंजिन चालले. त्याच्या कल्पनेत ठिणगीला स्थान नव्हते. हवा जोराने दाबली की ती तापते. सायकलला हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते ना, तसेच. इंजिनात हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या हिश्शाएवढ्या जागेत दाबली जाते. हवेचे मूळ तापमान ३०० केल्व्हिन धरले आणि उष्णता मुळीच बाहेर गेली नाही असे मानले, तर दाबल्यानंतरचे तापमान ३०० × १७^०.४ म्हणजे सुमारे ९३० केल्व्हिन येते. काही उष्णता भिंतींना जात असल्यामुळे प्रत्यक्षात ते याहून कमी असते. तरीही डिझेल आपोआप पेट घेण्यास ते पुरेसे होते.

पण डिझेलचा फवारा आत शिरल्याबरोबर त्याच क्षणी पेटत नाही. थेंबांची वाफ व्हावी लागते, ती हवेत मिसळावी लागते. यात सुमारे एक सहस्रांश सेकंद जातो. याला ज्वलन-विलंब म्हणतात. या वेळात फवारा चालूच असतो, त्यामुळे बरेचसे इंधन साठते आणि मग ते एकदम पेटते. सिलिंडरमधील दाब अचानक उसळतो, आणि घंटेवर टोला पडावा तसे इंजिनाचे ओतीव लोखंड कंप पावते. डिझेलची ती ओळखीची 'कडकड' ती हीच. विलंब जितका अधिक, तितका टोला जोराचा. विलंब कमी असण्याच्या गुणाला सीटेन अंकाने मोजतात. आपल्याकडे भारत स्टेज-६ डिझेलसाठी हा अंक किमान ५१ असावा लागतो.

१ एप्रिल २०२० पासून भारतात नव्या वाहनांना भारत स्टेज-६ चे नियम लागू झाले. अशा ट्रकांच्या इंजिनांत संगणकाच्या हुकमाने आधी डिझेलचा अगदी थोडा फवारा सोडतात. तो पेटून हवा आणखी तापली की मुख्य फवारा येतो व विलंबाला फारसा वाव न देता जळू लागतो. म्हणून ही इंजिने पुष्कळ मऊ आवाजात चालतात. जी कडकड जुन्या इंजिनात स्वाभाविक म्हणून सोडून देता येईल, ती नव्या इंजिनात ऐकू आली तर तिची चौकशी करावी लागते.

पहिला प्रश्न : ताल कोणता?

आता संशयित आवाजाकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे तो मोजणे. इंजिनातील काही भाग क्रँकशाफ्टच्या फेऱ्यांइतकेच फेरे घेतात, तर काही बरोबर निम्मे. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, कारण प्रत्येक झडप दोन फेऱ्यांत एकदाच उघडायची असते. जुन्या पद्धतीचा डिझेल पंपही निम्म्याच वेगाने फिरतो. उलट प्रचक्र म्हणजे फ्लायव्हील आणि पुढची पुली ही क्रँकवरच बसवलेली असतात, म्हणून त्यांचा वेग क्रँकचाच.

इंजिन सेकंदाला १० फेरे घेत असताना टकटक सेकंदाला ५ वेळा येत असेल, तर संशय झडपांच्या यंत्रणेवर, नोझलवर किंवा एखाद्या सिलिंडरमधील ज्वलनावर जातो. ती १० वेळा येत असेल तर क्रँकवरच्या भागांवर जातो. रॉडच्या बेअरिंगचा ठोका या दोहोंच्या मधला म्हणावा लागेल. पिस्टन वरच्या टोकाला दिशा बदलतो तेव्हा ढिल्या बेअरिंगमधील फट एका बाजूची दुसऱ्या बाजूला जाते. हे प्रत्येक फेऱ्यात घडते, परंतु एका फेऱ्यात त्याच वेळी ज्वलनाचा जोर असतो व पुढच्यात नसतो. त्यामुळे ठोके एक मोठा, एक लहान असे पडू शकतात. लहान ठोका इतर आवाजात बुडाला तर हाही ताल निम्म्या वेगाचाच भासतो. तेव्हा तालावरून एकदम निकाल द्यायचा नाही, संशयितांची यादी तेवढी लहान करायची.

तालात आवाज अधिक असणे हा जसा दोष, तसा आवाज कमी असणे हाही दोषच. लेझमाच्या मेळ्यात सहा जण पाळीपाळीने ठेका देत आहेत आणि त्यांतला एक गप्प राहिला, तर कान लगेच अडखळतो. सहांपैकी एक सिलिंडर पेटला नाही तर असेच होते. सेकंदाला ३० ऐवजी २५ ठोके पडतात, आणि मुख्य म्हणजे सेकंदातून पाच वेळा पोकळी येते. इंजिन लंगडते, सारा ट्रक डोलू लागतो. "इंजिन मिस मारते" असे मिस्त्री म्हणतात ते यालाच. डिझेलच्या नळीत हवा शिरणे, नोझल अडकणे, झडप नीट न बसणे अशी त्याची कारणे असतात.

दुसरा प्रश्न : थंड असताना जास्त की गरम झाल्यावर?

पाचही प्रश्नांत हा सर्वांत मोलाचा प्रश्न आहे असे मला वाटते, कारण उष्णतेचा परिणाम निरनिराळ्या आवाजांवर परस्परविरुद्ध होतो.

ज्वलनाची कडकड थंड इंजिनात अधिक असते. भिंती थंड, त्यामुळे दाबलेली हवा कमी तापते, ज्वलन-विलंब वाढतो आणि टोला मोठा बसतो. इंजिन तापले की ही कडकड आपोआप उतरते.

पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटण्याचा आवाजही थंडपणी अधिक येतो. पिस्टन बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा व सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो. अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा प्रसरणांक अंशाला सुमारे ०.००००२० आणि ओतीव लोखंडाचा सुमारे ०.००००११ धरू. पिस्टनचा व्यास १०० मिलिमीटर आहे, त्याच्या खालच्या भागाचे तापमान १०० अंशांनी वाढले व सिलिंडरचे ७० अंशांनी वाढले, असे समजा. पिस्टन १०० × ०.००००२० × १०० म्हणजे ०.२० मिलिमीटर फुगेल. सिलिंडरचा व्यास १०० × ०.००००११ × ७० म्हणजे सुमारे ०.०८ मिलिमीटर वाढेल. फट ०.१२ मिलिमीटरने कमी झाली! कागदाच्या पानाच्या जाडीएवढा हा फरक, पण तेवढ्यानेच पिस्टनचे आपटणे थांबते. झिजलेल्या इंजिनात मूळ फटच मोठी असल्यामुळे आवाज उशिरा थांबतो, किंवा थांबतच नाही.

बेअरिंगचे वागणे मात्र याच्या उलट असते. क्रँकशाफ्ट बेअरिंगमध्ये फिरतो तेव्हा धातू धातूला लागत नाही, मध्ये तेलाचा पातळ थर असतो. १८८३ मध्ये ब्यूशँप टॉवर या इंग्रज अभियंत्याने रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करताना बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले. त्यातून तेल वर येऊ लागले, म्हणून त्याने लाकडी बूच ठोकले, तर तेलाने ते बूचही बाहेर ढकलले. फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढून अरुंद फटीत कोंबतो व त्यामुळे तेलात मोठा दाब उत्पन्न होतो, असे त्यावरून दिसले. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्झने या घटनेचे गणित मांडले. तेलाचा हा थर टिकण्यासाठी दोन गोष्टी हव्यात: फट लहान हवी आणि तेलाला पुरेशी विष्यंदिता हवी.

ट्रकमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या '१५-डब्ल्यू-४०' तेलाची विष्यंदिता ४० अंश सेल्सियसला जेवढी असते, तिच्या सुमारे एक-सप्तमांश ती १०० अंशांना उरते. चांगल्या बेअरिंगला तेवढी पुरते. झिजलेल्या बेअरिंगमधून मात्र पातळ झालेले तेल रुंद फटीतून निसटते, थर तुटतो आणि धातूवर धातू आपटतो. म्हणून बेअरिंगचा ठोका सकाळी ऐकू येत नाही आणि दहावीस किलोमीटर चालल्यावर सुरू होतो. त्याच वेळी तेलाच्या दाबाचा काटाही खाली आलेला दिसतो.

तेव्हा लक्षात ठेवा: गरम झाल्यावर जाणारा आवाज बहुधा धीर धरू देतो. गरम झाल्यावर येणारा जाड आवाज धीर धरू देत नाही.

तिसरा प्रश्न : भार वाढवला तर?

ज्वलनाच्या वेळी सिलिंडरमधील दाब वातावरणाच्या ८० पटींच्या घरात जाऊ शकतो. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात तो याहूनही अधिक असतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस मीटर. ८० पट दाब म्हणजे सुमारे ८० लाख पास्कल. गुणाकार केला तर बल ६३ हजार न्यूटनांच्या आसपास, म्हणजे सहा टनांहून अधिक वजनाइतके येते. हे सारे बल रॉडमधून बेअरिंगवर पडते. घाटात माल भरलेला ट्रक चढत असताना प्रत्येक सिलिंडरमध्ये इंधन जास्त जळते, बल वाढते व बेअरिंगचा ठोका मोठा होतो. टॅपेटला मात्र घाटाशी फारसे कर्तव्य नसते. त्याची टकटक भारामुळे विशेष बदलत नाही.

भार बदलण्याची युक्ती इतर ठिकाणीही उपयोगी पडते. गाडी उभी, इंजिन चालू व गिअर न्यूट्रलमध्ये असताना क्लच दाबला आणि घरघर सुरू झाली, तर संशय क्लचच्या रिलीज बेअरिंगवर. कारण पायाच्या दाबाने भार त्याच्यावर आला. उलट क्लच दाबल्यावर घरघर थांबली, तर गिअरपेटीत शिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर. कारण तो शाफ्ट फिरायचा थांबला. किती साधा प्रयोग, पण एका पायाने दोन संशयित वेगळे केले!

जुन्या पंपाच्या इंजिनात मिस्त्री एकेका नोझलच्या नळीचा नट सैल करून त्या सिलिंडरचे डिझेल तोडतात. एखाद्या सिलिंडरचे डिझेल तोडताच ठोका मंदावला तर दोष त्या सिलिंडरमध्ये आहे हे कळते. मात्र तो नोझलचा की बेअरिंगचा, हे ठरवायला पुन्हा दुसऱ्या प्रश्नाकडे जावे लागते. ही परीक्षा जाणत्या मिस्त्रीनेच करायची आहे, आणि नव्या कॉमन रेल इंजिनात तर कोणीही करायची नाही. तेथे डिझेलचा दाब वातावरणाच्या १६०० पट व त्याहूनही अधिक असतो. या दाबाने निसटलेल्या धारेचा वेग काढू. वेगाचा वर्ग = २ × दाब ÷ घनता. दाब १६ कोटी पास्कल व घनता ८३० धरली तर वेग सेकंदाला सुमारे ६२० मीटर येतो. घर्षणामुळे तो काहीसा कमी होईल, तरी हवेतील ध्वनीच्या वेगाहून तो पुष्कळ अधिकच राहतो. अशी केसासारखी धार कातडी भेदून शरीरात शिरते. वरून जखम टाचणी टोचल्यासारखी दिसली तरी इजा फार गंभीर असते, आणि ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते.

चौथा प्रश्न : कोणत्या वेगाला येतो?

इंजिनाचा वेग हळूहळू वाढवत नेला आणि आवाजही त्याबरोबर जलद होत गेला, तर तो फिरणाऱ्या किंवा खालीवर होणाऱ्या भागाचा समजावा. पण काही खडखड फक्त एका ठराविक वेगाला येते व वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की नाहीशी होते. हा अनुस्पंदनाचा प्रकार. झोक्याला त्याच्या स्वतःच्या लयीत धक्के दिले की तो उंच जातो, तसे एखाद्या पत्र्याची किंवा सायलेन्सरच्या पट्टीची नैसर्गिक कंप्रता इंजिनाच्या ठोक्यांशी जुळली की ती जोराने थरथरते. कान दचकतो खरा, पण उपाय बहुधा एखादा बोल्ट आवळण्याचा असतो.

काही आवाज स्वरासारखे असतात. फॅनचा पट्टा ढिला झाला की तो पुलीवर क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. व्हायोलिनचा गज तारेवर हेच करतो. पट्ट्याची किंकाळी निघते ती त्यामुळेच. टर्बोचार्जरचा शाफ्ट मिनिटाला ९० हजार फेरे घेत असेल तर सेकंदाला १५०० फेरे होतात, म्हणजे १५०० हर्ट्झचा स्वर. म्हणून टर्बोतील बिघाड ठोक्यासारखा नसून शिट्टीसारखा ऐकू येतो. नेहमीची बारीक शिट्टी एकाएकी मोठी झाली तर तेथे लक्ष द्यावे. जोर लावताना 'सुस्स' असा आवाज आला व ट्रक ओढेनासा झाला, तर हवेच्या रबरी नळीला चीर गेलेली असू शकते.

आणि गाडी उभी असताना इंजिन कितीही वेगाने फिरवले तरी आवाज येत नसेल, फक्त रस्त्यावर चालतानाच येत असेल, तर आधी चाके, प्रॉपेलर शाफ्ट व डिफरन्शियल तपासावीत. इंजिनावर उगीच आळ घेऊ नये.

पाचवा प्रश्न : कोठून येतो?

आता त्या लांब पेचकसाकडे वळू. नुसत्या कानाने आवाजाची जागा सापडणे अवघड असते, कारण इंजिनाचे सारे लोखंड एकदम कंप पावते आणि आजूबाजूचा गोंगाट त्यात मिसळतो. शिवाय लोखंडातला ध्वनी हवेत सहजासहजी उतरत नाही. माध्यमाची घनता व त्यातील ध्वनीचा वेग यांचा गुणाकार दोन माध्यमांत फार वेगळा असला, तर त्यांच्या सीमेवरून जवळजवळ सारा ध्वनी परत फिरतो. हा गुणाकार हवेसाठी सुमारे ४०० आणि पोलादासाठी सुमारे ४ कोटी येतो. त्यामुळे पोलादातून हवेत जाणारी ध्वनिऊर्जा सुमारे पंचवीस हजारांत एक भाग एवढीच असते.

पेचकस टेकवला की आवाजाला हवेत उतरावे लागत नाही. तो पोलादातून मुठीत व तेथून कानाजवळच्या हाडात जातो. त्यामुळे पेचकस जेथे टेकवला त्या जागेचा आवाज आसपासच्या गोंगाटातून वेगळा निघतो. १८१६ साली पॅरिसमध्ये रने लेनेक या डॉक्टराने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून पहिला स्टेथोस्कोप केला, त्यामागचा हेतूही हाच: हवा तो आवाज कानापर्यंत आणायचा आणि बाकीचा दूर ठेवायचा. आवाज वरच्या झाकणापाशी मोठा असेल तर झडपा, मधल्या भागात मोठा असेल तर पिस्टन, तळाच्या तेलपेटीजवळ मोठा असेल तर बेअरिंग, असा हा शोध चालतो.

दोन ट्रक, दोन निकाल

पाच प्रश्न एकत्र कसे वापरायचे ते पाहण्यासाठी दोन ट्रकांची कल्पना करू. दोन्ही 'ठोकतात' अशी तक्रार आहे.

पहिल्याची टकटक बारीक व कोरडी आहे. सेकंदाला १० फेऱ्यांना ती ५ वेळा येते. इंजिन तापल्यावर फारशी बदलत नाही, भाराने वाढत नाही, आणि पेचकस वरच्या झाकणाला लावला की स्पष्ट होते. तेलाचा दाब ठीक आहे. निकाल: एका झडपेची फट वाढली आहे. झाकण काढून फट मोजायची आणि ठरलेल्या मापाला आणायची.

दुसऱ्याचा ठोका जाड आहे. सकाळी तो नव्हता. अर्ध्या तासाने आला, चढावर वाढला, तेलपेटीजवळ मोठा झाला व तेलाच्या दाबाचा काटा खाली आला. निकाल: रॉडचे किंवा क्रँकचे बेअरिंग. येथे एकच शहाणपणा आहे, इंजिन तत्काळ बंद करणे. वेळेवर थांबले तर बेअरिंगचे पातळ कवच बदलून भागू शकते. थोडे पुढे गेले तर क्रँकवर ओरखडे पडतात, मग तो ०.२५ मिलिमीटर घासून त्या मापाचे जाड बेअरिंग घालावे लागते. आणखी पुढे गेले तर काय होते ते आरंभी सांगितलेच आहे. "एवढा माल पोहोचवतो आणि मग बघतो" हे वाक्य अशा वेळी फार महागात पडते.

शांतता नेहमीच चांगली नसते

आवाज नाही म्हणजे दोष नाही असे मात्र समजू नये. झडपेची फट प्रमाणापेक्षा कमी ठेवली तर टकटक पूर्ण थांबते. पण तापल्यावर झडप लांबते, नीट मिटत नाही, आणि तप्त वायू तिच्या कडेने निसटून ती जळते. थोडी टकटक करणारे टॅपेट त्यापेक्षा बरे.

जुना ट्रक विकत घेताना हे विशेष ध्यानात ठेवावे. इंजिनात फार दाट तेल घातले तर झिजलेल्या बेअरिंगचा ठोका काही काळ दबतो. इंजिन आधीच तापवून ठेवले तर थंडपणीचा पिस्टनचा आवाज लपतो. म्हणून ट्रक दोनदा ऐकावा: एकदा रात्रभर थंड राहिलेला असताना चालू करून, आणि पुन्हा चांगला तापल्यावर, भार घेऊन. एक दोष सकाळी बोलतो, दुसरा दुपारी. दोन्ही वेळा ऐकणाऱ्याला फसवणे कठीण जाते.

करून पाहा

उभ्या असलेल्या बसचा, ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा आवाज दूर उभे राहून मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. इंजिनाजवळ जाऊ नका. फिरता पंखा व पट्टा यांच्याजवळ सैल बाही, ओढणी किंवा वेणी अतिशय धोक्याची. ध्वनीचा आलेख दाखवणाऱ्या एखाद्या ॲपमध्ये ते ध्वनिमुद्रण उघडा व एका सेकंदात किती ठोके पडतात ते मोजा. सहा सिलिंडरच्या इंजिनात ठोक्यांच्या संख्येला २० ने, चार सिलिंडरच्या इंजिनात ३० ने व तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरच्या इंजिनात ४० ने गुणले की मिनिटाचे फेरे मिळतात. हे गुणक कसे आले ते स्वतः काढून पाहा. मग वाहनचालकाला विनंती करून वेगाच्या काट्याशी आपले उत्तर ताडून पाहा.

उत्तर जुळले, तर तुम्ही इंजिनाच्या आवाजाला पहिला प्रश्न विचारला आणि त्याने उत्तर दिले, असे समजायला हरकत नाही. उरलेले चार प्रश्न विचारायला मात्र एखाद्या जाणत्या मिस्त्रीच्या शेजारी चार दिवस उभे राहावे लागेल. पुस्तकातला नियम आणि त्याचा कान यांची तेथे गाठ पडेल.